फटींच्या भिंतीआडचा लाल कोबी

सेहेचाळीस साली ओलुफाची आई मत द्यायला निघाली तेव्हा तिनं चर्चचे बूट घातले होते. एरवी ते बूट नाताळाला निघायचे, नाहीतर मयताला. फेरो बेटांनी डेन्मार्कपासून वेगळं व्हायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. ओलुफा तेव्हा एकोणीस वर्षांची. मताचं वय झालं नव्हतं म्हणून ती शाळेबाहेरच्या दगडी कुंपणावर बसून राहिली. आई बाहेर आली ती एखादं गुपित तोंडात धरल्यासारखी. 

मतं मोजली तर ‘हो’वाले थोडेसेच जास्त निघाले. थोडे असले तरी जास्तच. मग डेन्मार्कच्या राजानं आमची निवडून दिलेली सभाच मोडली, पुन्हा निवडणूक घेतली आणि तो विषय मिटला. आईनं बूट पुसून पेटीत ठेवले आणि म्हणाली, “पुढच्या वेळी तू दे.”

ती पुढची वेळ यायला पंचावन्न वर्षं लागली.

तेवढ्या काळात ओलुफाचं लग्न झालं, तीन पोरं झाली. ग्रीनलंडच्या पाण्यात मासेमारी करून करून नवरा थकला आणि गेला. तीन पोरं झाली. मच्छीकारखान्यात मासा सोलता सोलता तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली. ब्याण्णव साली बँका बुडाल्या आणि अर्धा गाव पोटासाठी डेन्मार्कला गेला, त्यात तिचा थोरला तुम्मासही होता. तो तिकडेच राहिला. नाताळाला फोन करायचा आणि हवा कशी आहे ते विचारायचा. ओलुफा म्हणायची, “हवा इथंच आहे, तू नाहीस.”

गावात तिला सगळे ‘क्रोकातली ओलुफा’ म्हणत. क्रोक म्हणजे तिचं घर, रस्त्याच्या वळणावरचं. तिच्यासमोर टेकडीवर दान्यालचं घर. दान्याल म्हणजे जुना कप्तान, नाचघराच्या मंडळाचा अध्यक्ष, आणि ओलुफाचा लहानपणापासूनचा भांडणसोबती. दोघं शाळेत एका बाकावर बसले होते. तिथं जो वाद सुरू झाला तो काही केल्या संपायला तयार नव्हता.

दोन हजार सालच्या हिवाळ्यात आमच्या सरकारनं ठरवलं, पुढच्या वर्षी सव्वीस मेला लोकांना तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. गावात उत्साह होता. दान्याल तर सर्वांत पुढे. नाताळच्या जेवणात त्यानं उभं राहून भाषण केलं आणि बाहीनं डोळे पुसले.

मग कोपनहेगनहून निरोप आला. दरवर्षी तिथून जी रक्कम येते, जिच्यावर आमची इस्पितळं, शाळा आणि म्हाताऱ्यांची पेन्शनं चालतात, ती हळूहळू कमी करायला आमच्या लोकांनी पंधरा वर्षं मागितली होती. ते म्हणाले, वेगळं व्हायचं तर चार वर्षं. चार वर्षांत रक्कम बंद.

दुसऱ्या दिवशी दुकानात दान्यालचा सूर बदललेला.

“कोकराला आईपासून तोडायचं तर उन्हाळ्यात तोडतात, ओलुफा. भर थंडीत तोडलं तर मरतं.”

“आणि आई म्हणते म्हणून कोकरानं म्हातारपणापर्यंत पीत राहायचं?”

“तुझं गुडघ्याचं औषध कोणाच्या पैशातून येतं?”

“माझा गुडघा ज्या कारखान्यात मोडला त्यातला मासा कोण खातं? दान्याल, दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं म्हटलं की तो हात कधी काढून घेईल हे त्याच्या मर्जीवर. आज चार वर्षं म्हणतो, उद्या चार दिवस म्हणेल. म्हणूनच तर विचारायला हवं.”

“विचारून काय होणार?”

“काय होईल ते नंतर बघू. आधी विचारा तर!”

दुकानात चारपाच जण होते. ते पाव घ्यायचं विसरून ऐकत बसले.

आमच्याकडे वाद दुकानात संपत नाही, तो फेरात संपतो. हिवाळ्यात नाचघरात फेर धरतात. हातात हात, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, आणि वाद्य म्हणून फक्त फळ्यांवरचे पाय. एक जण गाणं सांगतो, बाकीचे उचलतात. त्यात कधीमधी टवाळीचं गाणं येतं. गावात कुणी काही मूर्खपणा केला की त्याच्यावर कडवी रचायची, आणि दोन दणकट गड्यांनी त्या माणसाला दोन्ही दंडांना धरून फेरात उभं करायचं. गाणं संपेपर्यंत त्यानं स्वतःवरचं सगळं ऐकायचं. निसटला तर नाक कापलं गेलं. त्याचा शब्द पुढे वर्षभर कुणी धरत नाही. संपेपर्यंत उभा राहिला तर मात्र सगळं माफ.

ईस्टरआधीचे लेंटचे उपास लागायच्या आधीच्या नाचात ओलुफानं दान्यालवर बावीस कडवी रचून आणली. तिला लिहिणं फारसं जमत नसे. सगळी पाठ होती.

“दान्यालची नाव बघा, बंदरातच वल्हवी,
दोर सोडा म्हटलं तर म्हणे, हवा बरी हवी!”

सहाव्या कडव्यालाच दान्यालनं दंड सोडवून घेतले आणि स्वयंपाकघराच्या दारानं पळाला. कपबशा फुटल्या. महिनाभर पोरं त्याला बघितलं की वल्ही मारल्याचे हातवारे करायची. तो ओलुफाशी बोलेना.

मार्चमध्ये सरकारनंच माघार घेतली. मतदान रद्द.

बातमी रेडिओवर आली तेव्हा ओलुफाच्या स्वयंपाकघरात विणकामाची बैठक चालू होती. पाच बाया, पाच स्वेटर, एक केक. ओलुफानं सुया खाली ठेवल्या. रेडिओ बंद केला नाही, नुसता भिंतीकडे वळवला.

“आता?” कारखान्यातली तिची जुनी मैत्रीण सान्ना म्हणाली.

“आता काय? तारीख ठरलीय. सव्वीस मे, शनिवार. सरकारला जमत नसेल तर गावानं घ्यावं. एकशे वीस माणसांना विचारायला काय लागतं? एक खोली, एक पेटी, एक पेन्सिल.”

“आणि त्याचं पुढे काय करायचं?” तिची लेक मारीन म्हणाली. मारीन अजून कारखान्यात होती आणि दमून आली होती. “कोण मानणार आहे ते?”

“कागद आम्ही कोपनहेगनला पाठवू. टपाल खातं तरी मानेल.”

“आई, तुझं पेन्शन तिथून येतं.”

“माहीत आहे गं! आणि त्या पेन्शनमधून मी त्यांचंच लोणी घेते, त्यांचीच डुकराची पट्टी घेते, त्यांचाच मुरंबा घेते. पैसा बोटीनं येतो आणि त्याच बोटीनं परत जातो. मधल्या मध्ये आपण फक्त आभार मानायचे.” ती उठली आणि फडताळातून एकेक वस्तू काढून मारीनपुढे ठेवू लागली. लोणी. पट्टी. मुरंबा. मोहरीची बाटली. “मत दिल्याशिवाय डेन्मार्कचा घास माझ्या ताटात येणार नाही. ऐकलंत ना पाचही जणींनी? त्यांच्याशिवाय जगता येतं की नाही ते माझ्या टेबलावर बघा.”

सान्नानं कपाकडे बघितलं. “आणि कॉफी?”

“कॉफी डेन्मार्कात पिकते होय गं?”

“भाजतात तिथंच.”

ओलुफानं थोडा विचार केला. “कॉफीचा काही दोष नाही.”

“आणि पीठ?”

“पीठ पोलंडचं आहे.”

“कुणी सांगितलं?”

“मी.”

तर असा तिनं नेम धरला, आणि गावानं तो कानोकानी टेकडीच्या वर नेला. बघता बघता सगळ्यांचं लक्ष तिच्या टेबलाकडे. कोणी मीठ मागायला यायचं आणि ताटात डोकावून जायचं. ताटात तिचे स्वतःचे बटाटे, वाऱ्यावर वाळवलेलं मेंढीचं मांस, वाळका मासा, विकतच्याऐवजी तिच्या अंगणातल्या रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा. ती उजळ माथ्यानं दाखवायची. गावानं मतदान घ्यावं म्हणून तिनं फिरवलेल्या कागदावर सह्यांचे आकडे वाढू लागले. पंचवीस झाले, चाळीस झाले.

पण खोली कुठून आणायची? शाळेचे मास्तर म्हणाले, सरकारनं रद्द केलेलं मतदान मी सरकारी इमारतीत कसं घेऊ? चर्चमध्ये तर प्रश्नच नाही. राहिलं नाचघर. आणि नाचघराची किल्ली दान्यालच्या कोटाच्या खिशात.

ओलुफा टेकडी चढून गेली. गुडघा दुखत होता, तरी वाटेत थांबली नाही. खिडकीतून तो बघत असणार हे तिला माहीत होतं.

“किल्ली दे.”

“नाही देत.”

“का?”

“वल्ही मारतोय,” दान्याल म्हणाला आणि दार लावून घेतलं.

आता यात एक गोष्ट अशी होती की जी ओलुफानं कोणालाच सांगितली नव्हती. रविवारच्या भाजलेल्या मेंढीबरोबर लाल कोबी लागतो. गोड-आंबट, बरणीतला, डेन्मार्कहून येणारा. पन्नास वर्षं तिनं तो खाल्ला होता. नवरा समुद्रावरून आला की आधी विचारायचा, कोबी आहे ना? पहिल्या रविवारी कोबीशिवाय मांस खाल्लं. दुसऱ्या रविवारी खाल्लं. तिसऱ्या रविवारी घास तोंडात घोळवत राहिली, आणि सोमवारी शेजारच्या गावच्या दुकानात जाऊन एक मोठी बरणी घेऊन आली. टोपलीत लोकरीखाली घालून.

घरात ठेवली तर मीठ मागणाऱ्या बाया बघतील. म्हणून तिनं ती वाळवणघरात ठेवली, मेंढीच्या टांगलेल्या तंगडीमागे.

आता आमचं वाळवणघर म्हणजे काय? चार भिंती, पण त्या उभ्या पट्ट्यांच्या, आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट. मांस वाळायचं तर वारा आरपार जायला हवा ना! जन्मभर तिनं त्या खोलीत मांस टांगलं, फटी बुजल्या की स्वतः चाकूनं साफ केल्या, आणि चोरून ठेवायची वस्तू नेमकी तिथंच ठेवली. ढगाळ दिवसांत खपून गेलं. महिनाभर ढगच होते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन पडलं. दान्याल नवी कोकरं बघायला कुरणाकडे चालला होता. उन्हाची तिरीप फटीतून आत गेली, बरणीवर पडली, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या दान्यालच्या डोळ्यांत लाल लखकन चमकलं. तो कुंपणाजवळ गेला. वाकला. एका डोळ्यानं आत बघितलं. मग सरळ झाला, टोपी नीट केली, आणि कोकरं न बघताच घरी गेला.

कोणाला काही बोलला नाही. आठवडाभर त्याच्या स्वयंपाकघरातून पाय आपटल्याचा आवाज येत होता. बायको म्हणाली, गुडघ्यांचा व्यायाम करतोय.

एकोणीस मेला त्याच्या नातीचं लग्न होतं. सगळ्या गावाला आमंत्रण, म्हणजे ओलुफालाही. ती चांदीच्या पिना लावून, आईचे ते चर्चचे बूट घालून आली. तीनदा तळ बदललेले, पण तेच. नाचघरातल्या जेवणात भाजलेली मेंढी होती, साखरेत परतलेले बटाटे होते, आणि मोठ्या वाडग्यात लाल कोबी. वाडगा फिरत फिरत तिच्यापाशी आला. चाळीस जणांनी चमचे थांबवले.

“नको,” ओलुफा म्हणाली आणि वाडगा पुढे सरकवला.

समोरून दान्याल गोड हसला. तिला ते हसू आवडलं नाही.

संध्याकाळचे पाच वाजले होते, बाहेर लख्ख उजेड होता. टेबलं बाजूला झाली, फेर धरला गेला, वधूवराचं गाणं झालं. मग दान्याल फेराच्या मध्ये आला.

“एक गाणं आहे माझ्याकडे,” तो म्हणाला. “बत्तीस कडव्यांचं. क्रोकातल्या ओलुफासाठी.” त्यानं खिशातून किल्ली काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. “सगळ्यांच्या साक्षीनं बोलतो. शेवटच्या कडव्यापर्यंत उभी राहिली तर किल्ली तिची, पुढच्या शनिवारी काय विचारायचं ते विचारू दे. निसटली तर मतदानाचं नाव या गावात पुन्हा कोणी काढायचं नाही.”

एवढ्यात दोन गडी पुढे आले, दान्यालचे पुतणे, एकेकाचा दंड ओलुफाच्या कमरेएवढा. मारीन मध्ये पडली. “आईचा गुडघा... दान्यालकाका, ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे!”

“तू बाजूला हो गं,” ओलुफा म्हणाली. मग त्या गड्यांकडे वळली. “मला धरायचं नाही. धरायचं त्याला, जो पळतो. मी माझ्या पायांनी उभी राहीन.”

ती फेरात शिरली. एका हातात सान्नाचा हात, दुसऱ्यात कोणा पाहुण्याचा. दान्यालनं घसा साफ केला.

“क्रोकाच्या म्हातारीनं सोडलं परकं लोणी,
म्हणे माझ्या ताटात येऊन बघा कोणी!”

लोक हसले. ओलुफाही हसली, इथवर काही खोटं नव्हतं. पाचव्या कडव्यात ऊन पडलं. सातव्यात दान्याल कुरणाकडे निघाला. आठव्यात तो तिच्या कुंपणापाशी वाकला.

“तंगडीमागं मेंढीच्या कोण बसलंय दडून?
भिंतीलाच भोकं, बाई, दिसतंय की रस्त्यावरून!”

आणि मग पालुपद:

“लाल गं लाल, कोबी लाल, फटीतून दिसला लाल!”

नाचघर कोसळतंय की काय असं हसू फुटलं. सान्नाचा हात तिच्या हातात आकसला. सान्नानं तिच्याकडे बघितलं, आणि ओलुफाला ते बघणं त्या सगळ्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. ज्या चाळीस माणसांनी तिच्या ताटाकडे बघून सह्या केल्या होत्या त्यातली बहुतेक इथंच होती. स्वयंपाकघराचं दार उजवीकडे चार पावलांवर. उघडंच होतं. दान्यालनं मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

बूट चावत होते. गुडघ्यात सुई फिरत होती. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. दार जवळ आलं आणि मागे गेलं. ‘पुढच्या वेळी तू दे,’ आई म्हणाली होती. आईनं हे बूट तेव्हा कोणत्या हिमतीनं घातले असतील!

तेराव्या कडव्याला पालुपद आलं तेव्हा ओलुफानं तोंड उघडलं. “लाल गं लाल, कोबी लाल!” सगळ्यांच्या वर तिचा आवाज. फळीवर असा पाय हाणला की खिडकीच्या कट्ट्यावरची किल्ली हलली. फेर क्षणभर चुकला आणि तिच्या पावलावर आला. मग दान्याल गाणं सांगत होता, पण फेर ती ओढत होती.

वीस. पंचवीस. दान्यालचा आवाज बसत चालला. म्हाताऱ्यानं सरबत घ्यायचं तिथं बिअर प्याली होती. अठ्ठाविसाव्याला तो शब्द विसरला, तर ओलुफानंच त्याला सांगितला: “बरणी रे, बरणी!”

बत्तिसावं संपलं. पाय थांबले. ओलुफानं सान्नाचा हात सोडला नाही.

“माझं एक राहिलं,” ती धापा टाकत म्हणाली.

“नियमात नाही,” दान्याल म्हणाला.

“बस खाली, नियमवाला.” आणि तिनं पाय हाणला:

“खाल्ला कोबी, खाल्ला बाई, चाटूनपुसून खाल्ला,
पण पंचावन्न वर्षं माझा सवाल कुणी रे खाल्ला?”

या वेळी कोणी हसलं नाही. पालुपद उचलायचं की नाही हे कोणाला कळेना. मग सान्नानंच सुरू केलं, हळू, आणि ते फिरत फिरत सगळ्या फेरात गेलं.

ओलुफा भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेली आणि किल्ली उचलली. दान्यालनं अडवलं नाही. ती नेमाबद्दल एकच वाक्य बोलली, तेही सान्नाला: “नेम मोडला, ते माझं चुकलं. पण माझ्या चुकीसाठी गावाचं मत रद्द होत नाही. मेंढी एक चोरली म्हणून कोणी कुरण काढून घेत नाही.”

“मला आधी सांगायचं होतंस,” सान्ना म्हणाली. “अर्धी बरणी मी खाल्ली असती.”

सव्वीस तारखेला वारा सुटला होता, नाचघराचं दार धरून ठेवायला माणूस लागला. मासे भरायची लाकडी पेटी उलटी करून वर भोक पाडलं होतं. काही जण आले नाहीत; मास्तर आले, पण सायकल मागच्या बाजूला लावून. मारीन कारखान्याच्या पाळीवरून तशीच रबरी बुटांत आली, आईशी न बोलता कागद टाकला आणि जाताना तिच्या खांद्यावरून हात फिरवून गेली.

ओलुफा सर्वांत आधी आली होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा तिला तो प्रश्न कोणीतरी कागदावर लिहून विचारला होता. प्रश्न तिनंच सांगितला होता आणि सान्नानं लिहिला होता, पण तेवढं चालायचं. तिनं खूण करायला फार वेळ घेतला. मागे रांग तुंबली.

“किती वेळ, ओलुफा? कविता लिहितेस का?” मागून आवाज आला. दान्याल. रविवारचा कोट घालून.

ती वळली. “तू आलास?”

“किल्लीचा मालक मी आहे. बघायला आलो.”

“कागद घेतलायस हातात.”

“घेतला तर घेतला.” त्यानं छाती काढली. “मी ‘नाही’ लिहिणार आहे. स्वच्छ सांगतो. चार वर्षांत रक्कम बंद, म्हणजे इस्पितळाला कुलूप. मी ‘नाही’च लिहिणार.”

ओलुफानं आपला कागद घडी करून पेटीत टाकला, मग बाजूला होऊन पेन्सिल त्याच्यापुढे धरली.

“लिही की,” ती म्हणाली. “मोठ्या अक्षरात लिही. तुलाही कोणी विचारलं नव्हतं.”